शिक्का कुणाचा, चॅम्पियन कोण? मोटरसायकल ट्रायल्सवर तुमचे प्रश्न

मागच्या अंकात स्पेनच्या मोटरसायकल ट्रायल्स रायडर टोनी बूवर एक पान दिलं होतं, त्यात 2007 ते 2024 मध्ये 36 वेळा वर्ल्ड चॅम्पियन असं छापलेलं. त्या एका आकड्यावरून इतके प्रश्न आलेत की यावेळचा कॉलम त्यालाच दिलाय.

प्रश्न : 2007 ते 2024 म्हणजे 18 वर्षं, मग 36 टायटल कुठून आली? वर्षाला दोन वर्ल्ड चॅम्पियनशिप असतात का, आणि असल्या तर त्यातली खरी कुठली? (पुणे)

दोन असतात आणि दोन्ही खऱ्या आहेत. एक आउटडोअर, म्हणजे डोंगर, ओढे, दगडधोंडे, चिखल, तिला हल्ली ट्रायलजीपी म्हणतात. दुसरी इनडोअर, स्टेडियममध्ये काँक्रीटचे ठोकळे आणि लाकडाचे ओंडके मांडून, ती एक्स-ट्रायल. बूने 18 वर्षं दोन्ही जिंकल्या म्हणून 36. दोन्हीला शिक्का एकाच संस्थेचा आहे, एफआयएमचा, म्हणजे मोटरसायकल खेळांची जागतिक फेडरेशन, जिची सुरुवात 1904 ला पॅरिसमध्ये झाली. त्यामुळे इथे भांडण नाहीये, एकाच घरातली दोन टायटल आहेत.

ज्यांनी ट्रायल्स पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी एवढंच, की ही रेस नाही. आखून दिलेल्या तुकड्यातून, ज्याला सेक्शन म्हणतात, पाय न टेकता गाडी काढायची. एकदाही टेकला नाही तर शून्य, त्याला क्लीन म्हणतात. एकदा टेकला तर 1, दोनदा 2, तीनदा किंवा जास्त टेकला तरी 3, आणि पडलात, मागे गेलात, हद्दीबाहेर गेलात तर 5. शेवटी ज्याचे पॉइंट सगळ्यात कमी तो जिंकला. प्रत्येक सेक्शनवर एक ऑब्झर्व्हर उभा असतो आणि पाय टेकला की नाही हे तो डोळ्यांनी बघून ठरवतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढच्या सगळ्या उत्तरांत ती येणार आहे. घड्याळ खोटं बोलत नाही पण इथे निकाल माणसाच्या नजरेवर आहे, म्हणून ती माणसं कुणी नेमली आणि नियम कुणी लिहिले याला या खेळात फार वजन आहे.

प्रश्न : 1975 च्या आधी ट्रायल्सचा वर्ल्ड चॅम्पियनच नव्हता असं वाचलं. मग सॅमी मिलरला लोक सर्वकालीन महान का म्हणतात? टायटल नसताना महान कसा? (सोलापूर)

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडला, कारण मिलरवर खरंच अन्याय होतो, आकड्यांच्या याद्या बघणारे त्याला चक्क गाळून टाकतात.

कसं झालं बघा, ट्रायल्स हा मुळात ब्रिटनचा खेळ, तिथून तो युरोपात पसरला. 1964 पासून हेन्री ग्रुटार्स चॅलेंज नावाची स्पर्धांची मालिका सुरू झाली, 1968 ला एफआयएमने तिला युरोपियन चॅम्पियनशिपचा दर्जा दिला आणि 1975 ला वर्ल्ड चॅम्पियनशिपचा. आता 1974 चा विजेता माल्कम रॅथमेल आणि 1975 चा मार्टिन लॅम्पकिन, दोघंही ब्रिटिश, दोघंही स्पेनच्या बुल्टाको कंपनीच्या गाडीवर, आणि लॅम्पकिन तर 1973 चा युरोपियन चॅम्पियन होताच. एका हिवाळ्यात असं काय बदललं की एक युरोपचा आणि दुसरा जगाचा? वरचं नाव बदललं, एवढंच. मी लॅम्पकिनचं काही कमी करत नाहीये, तो पहिल्या दर्जाचाच रायडर होता, मुद्दा असा की रॅथमेलसुद्धा होता.

मिलर बेलफास्टचा. 1959 ते 1969 सलग 11 वर्षं ब्रिटिश चॅम्पियन, आणि त्या काळात ब्रिटिश चॅम्पियन म्हणजे काय तर जगातले बहुतेक सगळे तगडे रायडर तिथेच. 1968 आणि 1970 ला युरोपियन टायटल. स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल 5 वेळा, त्यातली 1965 ची बुल्टाकोवर, आणि ती गाडी घडवण्यात त्याचाच हात होता, तेव्हापासून हलक्या टू-स्ट्रोक गाड्यांनी जुन्या जड ब्रिटिश फोर-स्ट्रोकांचा बाजार उठवला. हा माणूस 1957 ला रोड रेसिंगच्या 250 सीसी वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये तिसरा पण आला होता. त्याच्या नावापुढे ट्रायल्सचं वर्ल्ड टायटल शून्य, कारण त्याच्या चांगल्या काळात ते टायटल देणारंच कुणी नव्हतं.

आणि स्कॉटिश सिक्स डेजचं तर उदाहरणच वेगळं. 1909 पासूनची परंपरा, फोर्ट विल्यमच्या आसपास सहा दिवस, रोज 30 सेक्शन, पाऊस, दलदल, गार वारा, आणि ती वर्ल्ड चॅम्पियनशिपचा भागच नाही. तरी कुठल्याही ट्रायल्सवाल्याला विचारा, ती जिंकायला काय काय सोडायला तयार आहेस. मार्टिनचा मुलगा डगी लॅम्पकिन, त्याची वर्ल्ड टायटल 12, आउटडोअर 7 आणि इनडोअर 5, आणि स्कॉटिश पण 12 वेळा जिंकलाय. ब्रिटनमधला म्हातारा प्रेक्षक त्याच्याबद्दल बोलायला लागला की पहिल्यांदा स्कॉटिशच काढतो. म्हणजे मान हा कागदावरच्या दर्जातून येतो तसा वर्षानुवर्षं सगळ्यात चांगले लोक तिथे येऊन एकमेकांशी भिडतात यातूनही येतो, आणि माझ्या मते दुसरा मान जास्त टिकतो.

प्रश्न : आमच्याकडे नोव्हेंबर 2023 मध्ये दोन महाराष्ट्र केसरी झाल्या, फुलगावला सिकंदर शेख आणि धाराशिवला शिवराज राक्षे. दोन संघटना, दोन गदा. तालमीतली पोरं विचारतात खरा कोण आणि आमच्याकडे उत्तर नाही. ट्रायल्समध्ये असं झालंय का? (कोल्हापूर)

झालंय, पण मोटरसायकलमध्ये नाही, तिच्या सख्ख्या भावात, म्हणजे सायकल ट्रायल्समध्ये. आणि तिथे ते एका वर्षापुरतं नव्हतं.

सायकल ट्रायल्स स्पेनमधल्या कॅटलोनियात 1970 च्या दशकात जन्माला आलं. पेरे पी हे माँटेसा कंपनीच्या मोटरसायकल ट्रायल्समधले, त्यांच्या मुलाला, ऑट पीला, मोटरसायकल चालवायचं वय नव्हतं म्हणून सायकलवरच ट्रायल्स, त्याला तिकडे ट्रायलसिन म्हणायचे, इंजिनाशिवायचं ट्रायल. खेळ पटकन पसरला आणि मोठ्या मोटरसायकल रायडरांची ती नर्सरीच झाली, 7 वेळा वर्ल्ड चॅम्पियन झालेला जॉर्डी तारेस तिथूनच आला, टोनी बूसुद्धा लहानपणी सायकल ट्रायल्सच करायचा. मग सायकलिंगची जागतिक संस्था यूसीआय आली आणि 1986 पासून तिने आपली वर्ल्ड चॅम्पियनशिप सुरू केली. 1992 ला वेगळी बाइकट्रायल इंटरनॅशनल युनियन उभी राहिली, बीआययू, तिची वर्ल्ड चॅम्पियनशिप वेगळी. म्हणजे एकाच खेळाचे एकाच वर्षी दोन जगज्जेते.

आता यूसीआयकडे ऑलिंपिक चळवळीची मान्यता, राष्ट्रीय फेडरेशनांचं जाळं, सरकारी पैसा मिळायची सोय. बीआययूकडे खेळाच्या मूळच्या घराण्याचा वारसा आणि सायकल कशी असावी याबद्दलची मोकळीक, यूसीआय चाकाच्या मापावर 20 इंच आणि 26 इंच असे वेगळे गट करते. पुढे यूसीआयने मार्क द्यायची पद्धतच उलटी केली, चुकांचे पॉइंट मोजण्याऐवजी पार केलेल्या प्रत्येक गेटचे, म्हणजे सेक्शनमधल्या खुणेच्या टप्प्याचे, 10 पॉइंट द्यायला सुरुवात केली, म्हणजे जास्त पॉइंटवाला जिंकतो. त्यामुळे दोन्हीकडचे आकडे शेजारी ठेवून तुलना करायची सोयही राहिली नाही.

तुमच्या तालमीतल्या पोरांना मी असं सांगेन, की संघटनेचं लेटरहेड नंतर बघा, आधी ड्रॉ बघा, म्हणजे कोण कुणाशी लढलं ते. फुलगावच्या फायनलला सिकंदरसमोर शिवराजच होता ना, आणि तोच शिवराज नंतर धाराशिवला जिंकला. पैलवान दोन्हीकडे लढले, भिडले, लपले नाहीत, म्हणून निदान त्या दोघांच्या कुस्तीबद्दल शंका घ्यायला जागा नाही. खरं नुकसान कधी होतं, तर एक संघटना म्हणते तिकडे गेलास तर इकडे येऊ नकोस. तेव्हा दोन्हीकडचा मैदानी दर्जा अर्धा होतो आणि दोन्हीकडचा विजेता आयुष्यभर ऐकत राहतो की अरे पण तो दुसरा तर आलाच नव्हता. यात पैलवानाची काडीची चूक नसते, रायडरची पण नसते, आणि मला राग येतो तो याचाच.

प्रश्न : मी लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहे. फेडरेशन असं कायद्याने अडवू शकते का? म्हणजे दुसऱ्या संस्थेला स्पर्धाच भरवू न देणं? (नागपूर)

यावर युरोपातली एक मोठी केस मोटरसायकलचीच आहे, नक्की वाच, तुला प्रोजेक्टला पण उपयोगी पडेल.

ग्रीसमध्ये एफआयएमची प्रतिनिधी संस्था एल्पा. तिथल्या वाहतूक कायद्यात अशी तरतूद होती की मोटरसायकल स्पर्धा भरवायची तर सरकारी परवानगी लागणार आणि त्या परवानगीसाठी एल्पाची संमती लागणार. मोटोए नावाच्या, नफ्यासाठी न चालणाऱ्या एका संस्थेने 2000 साली स्पर्धांसाठी अर्ज केला आणि परवानगी मिळाली नाही कारण एल्पाची संमती आली नाही. आता गंमत अशी की एल्पा स्वतःही स्पर्धा भरवायची, स्पॉन्सरशिपचे करार करायची. म्हणजे ज्याच्याशी धंद्यात स्पर्धा त्याच्याकडेच परवानगी मागायला जायचं. मोटोएने 50 लाख ड्रॅक्मा भरपाई मागितली, खालच्या कोर्टात हरले, अपिलात गेले, आणि अथेन्सच्या अपील कोर्टाने प्रश्न लक्झेंबर्गला युरोपियन कोर्टाकडे पाठवला. 1 जुलै 2008 ला निकाल आला, की स्वतः स्पर्धा भरवून त्याचा व्यावसायिक फायदा घेणाऱ्या संस्थेलाच इतरांच्या स्पर्धांना संमती द्यायचा अधिकार द्यायचा, आणि त्या अधिकाराला ना मर्यादा, ना बंधनं, ना कुणाची तपासणी, हे युरोपच्या स्पर्धा कायद्याच्या विरोधात आहे.

नीट लक्ष दे, कोर्टाने फेडरेशन नकोच असं कुठेही म्हटलेलं नाही. ट्रॅकवर डॉक्टर आहे का, विमा आहे का, दोन स्पर्धा एकाच तारखेला येत नाहीत ना, हे बघायला कुणीतरी लागतंच. फक्त निकष आधी जाहीर हवेत आणि नकाराविरुद्ध दाद मागता आली पाहिजे. पुढे डिसेंबर 2023 मध्ये फुटबॉलच्या सुपर लीगच्या, म्हणजे फिफा आणि यूएफाच्या बाहेर निघू पाहणाऱ्या लीगच्या, प्रकरणात त्याच कोर्टाने हाच धागा पकडला.

आपल्याकडचं उदाहरण तुला माहीतच असेल, 2007 ला आयसीएल ही बीसीसीआयबाहेरची क्रिकेट लीग निघाली तेव्हा बीसीसीआयने तिकडे गेलेल्या खेळाडूंवर बंदी घातली. नंतर आयपीएलच्या प्रकरणात स्पर्धा आयोगाने फेब्रुवारी 2013 ला बीसीसीआयला 52.24 कोटींचा दंड लावला, त्यात एक मुद्दा असाच होता की नियम करणारी संस्था आपल्या ताकदीने दुसरी लीग उभी राहू देत नाही. मोटोएचा आणि स्पर्धा आयोगाचा, दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाच.

प्रश्न : 2024 च्या सुरुवातीला बालेवाडीला सुपरक्रॉस लीग बघितली, जाम मजा आली. पण सुपरक्रॉसचा वर्ल्ड चॅम्पियन गूगल केला तर दोन नावं येतात, कुठलं बरोबर? (पिंपरी)

दोन्ही बरोबर, स्पर्धा वेगळ्या. सुपरक्रॉस म्हणजे स्टेडियममध्ये मातीचे उंचवटे बांधून घेतलेली मोटरसायकल रेस. अमेरिकेतली एएमए (अमेरिकन मोटरसायक्लिस्ट असोसिएशन) सुपरक्रॉस मालिका बरीच वर्षं एफआयएमची वर्ल्ड चॅम्पियनशिप म्हणूनही धरली जायची, 2021 नंतर तो करार संपला. एफआयएमने 2022 पासून वर्ल्ड टायटल डब्ल्यूएसएक्स या नव्या मालिकेला दिलं, आणि अमेरिकेतल्या आयोजकांनी 2023 ला आपली सुपरमोटोक्रॉस वर्ल्ड चॅम्पियनशिप काढली. म्हणून 2023 ला डब्ल्यूएसएक्समध्ये केन रोक्झन आणि सुपरमोटोक्रॉसमध्ये जेट लॉरेन्स. अधिकृत शिक्का विचाराल तर रोक्झनकडे, पण त्या वर्षी सगळ्यात जास्त तगडे रायडर कुठे होते असं विचाराल तर अमेरिकेत, हे रायडर लोकही सांगतील.

प्रश्न : माझा मुलगा 15 वर्षांचा आहे, डर्ट बाइक चालवतो. एका आयोजकाने एंट्री फी घेऊन स्पर्धा घेतली आणि नॅशनल चॅम्पियन असं सर्टिफिकेट दिलं, आता कॉलेज ॲडमिशनला ते चालत नाही म्हणतात. पोरगं खूप नाराज आहे. आम्ही काय बघायला हवं होतं? (नाशिक)

दादा, आधी मुलाला सांगा की त्याने गाडी चालवली ती खरी चालवली, ती कुणी काढून घेऊ शकत नाही. आता पुढच्या वेळचं.

एफआयएम प्रत्येक देशातल्या फेडरेशनमार्फत काम करते, भारतात ती एफएमएससीआय. राष्ट्रीय टायटल द्यायचा अधिकार तिच्याकडून येतो. म्हणून फी भरायच्या आधी आयोजकाकडे फेडरेशनचं परमिट मागा, फोटोकॉपी मागा, लाजू नका, आणि स्पर्धेचं नाव फेडरेशनच्या कॅलेंडरवर आहे का ते स्वतः तपासा. मुलाचं स्पर्धक लायसन्स त्याच्या वयाच्या गटात काढून घ्या. स्पर्धेचे छापील नियम, ज्याला सप्लिमेंटरी रेग्युलेशन्स म्हणतात, ते आधी मिळतात का बघा, त्यात गट, पॉइंट, तक्रार कशी करायची, किती वेळात करायची हे सगळं असतं. निकालाच्या कागदावर सगळ्यांची नावं आणि पॉइंट असतात का तेही बघा, नुसतं पहिल्या तिघांना ट्रॉफी आणि फोटो एवढ्यावर जाऊ नका.

क्लबच्या साध्या स्पर्धा वाईट नसतात बरं का, मुलं तिथेच शिकतात, तिथे पाठवाच. फक्त क्लबच्या स्पर्धेने स्वतःला क्लबची स्पर्धा म्हणावं. आणि परमिट असो नसो, रुग्णवाहिका जागेवर उभी दिसत नसेल आणि विम्याचा कागद कुणी दाखवत नसेल तर भरलेली फी गेली तर गेली, मुलाला गाडीवर बसू देऊ नका. मिळालेलं सर्टिफिकेट, फीची पावती आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट जपून ठेवा, फेडरेशनला लेखी कळवा आणि फीसाठी ग्राहक आयोगात, म्हणजे पूर्वीच्या ग्राहक मंचात, जायचं असेल तर तेच कागद लागतील.