वाचकांचे प्रश्न : हरित इमारत, पण मोजून

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या नव्या इमारतीला हरित मानांकन मिळालं आहे. स्थापत्य शाखेच्या विद्यार्थ्यांकडून तिचं प्रत्यक्ष मूल्यमापन करून घ्यायचं आहे. मानांकनाची तपासणी-यादीच त्यांच्या हाती द्यावी का?

उत्तर : सुरुवातीला तरी देऊ नका. यादी हातात आली की मुलं खुणा करत फिरतात आणि इमारत बघायची राहूनच जाते. मानांकन बऱ्याचदा आराखडा आणि बांधकाम पाहून दिलेलं असतं; इमारत आज किती वीज-पाणी खाते, हा प्रश्न वेगळा. त्याच्या उत्तरासाठी एक इमारत आणि सलग दोन आठवडे घ्या.

पहिलं काम विजेच्या मीटरचं. संध्याकाळी कुलूप लागल्यावर आणि सकाळी उघडण्याआधी, रोज ठरलेल्या वेळी रीडिंग टिपा. रिकाम्या इमारतीत तासाला किती युनिटं जातात हे कळलं, की मग मजल्यामजल्यावर शोधायचं: चालू राहिलेले पंखे, पाणी थंड करणारी यंत्रं, सर्व्हरची खोली. इथे एक हमखास चूक होते. मोठ्या इमारतीचं मीटर सीटीवर, म्हणजे मोठा विद्युतप्रवाह ठरावीक प्रमाणात कमी करून मीटरला देणाऱ्या करंट ट्रान्सफॉर्मरवर चालतं. सीटी २००/५ असेल, म्हणजे २०० अँपिअरचे ५ करत असेल, तर दोन रीडिंगमधल्या फरकाला ४० ने गुणावं लागतं. काही मीटर हा गुणाकार आधीच करून आकडा दाखवतात, म्हणून मीटरवर लिहिलेला गुणक बघा आणि बिलाशी ताळा करा. गुणायचं राहिलं तर इमारत चाळीसपट काटकसरी दिसते, आणि निकाल इतका छान असला की कुणी शंकाही घेत नाही!

उजेडासाठी लक्समीटर हवा. दिवे बंद करून, टेबलाच्या उंचीवर, खिडकीपासून आतल्या भिंतीपर्यंत दर मीटरला एक नोंद. त्याच मिनिटाला दुसऱ्याने उघड्यावर मोजायचं. आत २०० आणि बाहेर १०,००० लक्स, म्हणजे २ टक्के. हे गुणोत्तर पूर्ण ढगाळ आभाळाखालीच काढतात. ऊन असेल तर तो दिवस सोडून द्या. मोजणाऱ्याची सावली मीटरवर पडू देऊ नका.

हवा तपासायला कार्बन डायऑक्साइड मीटर. बाहेर साधारण ४२० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) दिसायला हवं. तसं दिसत नसेल तर आधी मीटर जुळवा. भरल्या वर्गात तासाच्या शेवटी आकडा १,००० च्या बराच वर जात असेल, तर ताजी हवा कमी पडते आहे. मीटर कुणाच्या तोंडासमोर ठेवू नका, उच्छ्वासाने आकडा उगाच चढतो.

पाण्याला फक्त लिटरचं भांडं आणि घड्याळ. १० सेकंदांत भरलं तर नळाचा प्रवाह मिनिटाला ६ लिटर. एकाच प्रकारच्या नळांत फार फरक आला तर तोंडाची जाळी उघडून पाहा. ती क्षारांनी बुजलेली तरी असते, नाहीतर कुणीतरी काढून टाकलेली.

प्रश्न : उन्हात पोळणाऱ्या पत्र्याच्या छताचं तापमान आमचा इन्फ्रारेड तापमापक १५ अंश दाखवतो. तो बिघडलाय का?

उत्तर : बहुतेक नाही. चकचकीत धातू स्वतः फार थोडं प्रारण सोडतो आणि वरच्या थंड आभाळाचं प्रारण परावर्तित करतो. तापमापक तेच वाचतो. पत्र्यावर काळी इन्सुलेशन टेप घट्ट चिकटवा, पाच मिनिटं थांबा, तापमापकावर उत्सर्जकता (पृष्ठभाग किती प्रारण सोडतो याचं प्रमाण) ०.९५ ठेवा आणि टेपवरच, जवळून मोजा. रंगवलेल्या भिंतीला टेपची गरज नाही.