लेक जनावरांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसते म्हणते

ताई, नमस्कार.

तुमची लेक बी.कॉम. झाली आणि आता कोल्हापुरात राजारामपुरीतल्या कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसते म्हणते. ‘चिठ्ठ्या फाडायलाच शिकवलं का तिला?’ असं तुम्ही विचारलंय. तुमच्या दारात दोन म्हशी आहेत, म्हणून विचारते. म्हैस विताना अडली आणि फोनवर कुणी ‘उद्या बघू’ म्हणालं, तर?

आज कुणाला थांबवून चालणार नाही, हे ओळखणं हेच या खुर्चीवरचं खरं काम. बोका सकाळपासून नुसता बसतोय, लघवी होत नाही, असा फोन आला तर संध्याकाळची वेळ द्यायची नसते. मूत्रमार्ग तुंबलेला बोका दोन-तीन दिवसांत दगावतो. पिल्लाला रक्ताचे जुलाब होत असतील तर पार्व्होची, म्हणजे कुत्र्यांच्या जीवघेण्या संसर्गजन्य रोगाची, शंका धरून त्याला बाकापासून लांब, बाहेरच थांबवायचं. मांजराला ताप आहे, घरातली पॅरासिटामॉल देऊ का, असं विचारलं तर ‘काहीही देऊ नका, घेऊन या’ एवढंच सांगायचं. मांजराला ती गोळी विष आहे. आपल्या मनानं औषध मात्र कधीच सांगायचं नाही.

मला सगळ्यात अवघड वाटतं ते वेगळंच. चौदा वर्षांच्या कुत्र्याला शेवटच्या इंजेक्शनसाठी आणतात. पैशाचं आधीच हळू आवाजात उरकायचं, म्हणजे रिकामा पट्टा हातात धरून कुणाला काउंटरवर सुट्टे मोजावे लागत नाहीत. आणि त्याच दिवशी लसीच्या यादीतून त्याचं नाव काढायचं, नाहीतर पुढच्या वर्षी त्या घरी मेसेज जातो.

पगाराची तुमची काळजी खरी आहे, सुरुवातीला तो बेताचाच असतो. रिसेप्शनवरून डॉक्टरही होता येत नाही. त्याला बारावी सायन्स, ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा आणि शिरवळसारख्या पशुवैद्यकीय कॉलेजात साडेपाच वर्षं लागतात. पण लसींचा साठा, त्यांच्या मुदती, फ्रिजचं २ ते ८ अंश तापमान, जीएसटीची बिलं, रोजचा गल्ला, यात बी.कॉम. कामाला येतं.

नेमणूकपत्र मागा. चावा बसण्याआधी घ्यायची रेबीजची लस दवाखाना देणार का, तेही विचारा. त्यावर टाळाटाळ झाली तर ही जागा घेऊ नका. ओरखडा किंवा चावा बसलाच, तर १५ मिनिटं साबणाच्या पाण्यानं धुवून त्याच दिवशी सीपीआर हे सरकारी रुग्णालय गाठायचं.

ती २२ ची आहे. बँकेच्या क्लार्क परीक्षेला खुल्या गटातही २८ पर्यंत बसता येतं. आधी एखाद्या शनिवारी संध्याकाळी दोघी त्या दवाखान्यात तासभर बसून या.