खरेदीला सोबत करणारा रोबो आईसाठी घ्यावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आई ७४ वर्षांच्या, गुडघ्यांमुळे पिशव्या उचलवत नाहीत, यादीतले दोन-तीन जिन्नस हमखास राहून जातात, तरी सुपरमार्केटात स्वतःच जायचं असतं. सोबत करणारा रोबो मिळतो का, आणि घ्यावा का? चालत्याफिरत्या रोबोंच्या कामात मी बरीच वर्षं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

तुम्हाला हवा तसा रोबो आज विकत मिळत नाही. जवळचं म्हणावं असं एक यंत्र आहे, व्हेस्पा स्कूटर बनवणाऱ्या पियाजिओच्या उपकंपनीने अमेरिकेत २०१९ मध्ये बाजारात आणलेलं 'जीता'. दोन चाकांचं, साधारण १८ किलो सामान घेऊन तुमच्या मागे चालणारं. किंमत ३,२५० डॉलर होती. पण त्याला यादी कळत नाही आणि गप्पा तर नाहीतच. पायऱ्या आल्या की थांबलंच.

तुमच्या गरजेला खरा भिडणारा प्रयोग जपानमधला. डिसेंबर २००९ मध्ये क्योतो प्रांतातल्या सेइका इथल्या आपिता सुपरमार्केटात एटीआर या संशोधन संस्थेने 'रोबोव्ही-२' उतरवला. ६७ वर्षांच्या एका बाईंनी यादी घरीच मोबाइलसारख्या उपकरणावर करून ठेवली होती. त्या दुकानात आल्यावर रोबोने त्यांना ओळखलं, टोपली घेऊन मागोमाग निघाला, यादीतलं काय राहिलं ते सांगत राहिला, मध्येच एखादी वस्तू सुचवत राहिला. पुढे या संशोधकांनी ज्येष्ठ ग्राहकांबरोबर तुलनाच करून पाहिली: बोलणारा की मुका, माणसासारखा की नुसती ढकलगाडी? पसंती बोलणाऱ्याला आणि माणसासारख्याला मिळाली. ओझं वाहायला गाडीही पुरली असती, पण लोकांना सोबत हवी होती. या विषयातलं हे सगळ्यात मोलाचं निरीक्षण आहे असं मी मानतो. मात्र एक गोष्ट बातम्यांत सहसा येत नाही. त्या तुलनेत ग्राहक काय बोलला हे समजून घेण्याचं काम पडद्याआडचा माणूस करत होता. म्हणजे जे सगळ्यांना आवडलं, तेच यंत्राला जमत नव्हतं.

पडद्याआडचा माणूस काढून घेतला की काय होतं ते एडिंबरामध्ये दिसलं. २०१८ च्या सुमारास हेरियट-वॉट विद्यापीठाने 'पेपर' नावाच्या माणसासारख्या रोबोंच्या जातीतला 'फॅबिओ' मार्जिओटा या किराणा दुकानात ठेवला. बिअर कुठे विचारलं तर 'मद्याच्या विभागात' असं उत्तर. दुकानातल्या गोंगाटात त्याला प्रश्नच नीट ऐकू येईनात. खाऊचे नमुने वाटायला उभा केला तर पंधरा मिनिटांत दोन गिऱ्हाइकं थांबली. माणूस उभा असताना बारा थांबत. आठवड्याभरात त्याला हलवलं. तेव्हापासून बोलणं समजण्याचं तंत्र खूप पुढे गेलंय हे खरं, पण फ्रीजची घरघर, सूचनांचे भोंगे आणि रडणारं पोर यांतून हळू आवाजातलं, अर्धवट वाक्य पकडणं अजूनही सोपं नाही.

मागे चालणंही वाटतं तितकं सरळ नाही. पुष्कळ रोबो लेझरने जमिनीलगतचे पाय शोधतात आणि पायांच्या त्या दोन ठिपक्यांचा माग काढतात. आई रॅकच्या कोपऱ्यावरून वळल्या, मध्ये कुणाची ट्रॉली आली, की ठिपके दिसेनासे होतात आणि पुढच्या क्षणी दुसऱ्याच कुणाचे तरी पाय जवळ असतात. म्हणून कपड्यांचा रंग, चालण्याचा वेग, कॅमेरा असं सगळं जोडावं लागतं. आता आपल्याकडची महिन्याच्या पहिल्या रविवारची गर्दी डोळ्यांसमोर आणा. शिवाय साडी असली तर दोन ठिपके दिसणारच नाहीत. असा रोबो आपल्याकडे कुणी आणेल तेव्हा मी सगळ्यात आधी हेच विचारीन.

जिथे काम नेमकं ठरलेलं आहे तिथे मात्र मला मनापासून आशा वाटते. चिएको आसाकावा स्वतः अंध आहेत, तोक्योच्या मिराइकान संग्रहालयाच्या संचालक आहेत. त्यांच्या पुढाकाराने तयार झालेली 'एआय सूटकेस' हँडल धरणाऱ्याला अडथळे चुकवत मुक्कामी नेते, दिशा हाताला कंपनाने कळवते. प्रवासी बॅगेसारखी दिसत असल्यामुळे चारचौघांत कुणी वळून बघत नाही. गरज ज्याची, त्यानेच आखलेलं यंत्र म्हटल्यावर हा फरक पडतोच.

तेव्हा सध्या पैसे घालू नका. रोबोव्हीकडून यादीची कल्पना तेवढी उचला: फोनवर ठसठशीत अक्षरांत यादी, रॅकच्या क्रमाने लावलेली. दुपारी तीनच्या सुमारास जा म्हणजे गर्दी नसते. बिल झालं की जड सामान घरपोच सांगा, आईंच्या हातात भाजीची पिशवी राहू द्या. आणि सोबत म्हणाल, तर सोसायटीतली कॉलेजची एखादी मुलगी आठवड्यातून एकदा आनंदाने येईल, तिला रीतसर पैसे द्या.

उद्या एखाद्या मॉलने असा रोबो ठेवलाच, तर एवढंच बघा: तो आईंची यादी पुरी करायला झटतोय, की दर वळणावर ऑफर सांगतोय. ऑफरच सांगत असेल तर आईंना त्याच्याशिवाय जाऊ द्या.