वाचकांचे प्रश्न : १९२२ चा जर्मन फुटबॉल विजेता कोण?

प्रश्न : जर्मनीच्या राष्ट्रीय फुटबॉल अजिंक्यपदाच्या यादीत १९२२ या वर्षापुढे विजेत्याचे नाव का आढळत नाही?

उत्तर : त्या वर्षी हॅम्बुर्ग आणि न्यूरेंबर्ग या संघांतील अंतिम सामना १८ जून रोजी बर्लिनमध्ये झाला. बरोबरी सुटेपर्यंत खेळ चालू ठेवण्याचे ठरले असल्याने तो तब्बल १८९ मिनिटे चालला आणि २-२ अशा स्थितीत अंधारामुळे थांबवावा लागला. ६ ऑगस्टला लाइपझिगमध्ये तो पुन्हा खेळवण्यात आला. बदली खेळाडू उतरवण्याची मुभा तेव्हा नव्हती, ही गोष्ट येथे फार महत्त्वाची ठरते. कारण दोघांना बाहेर काढले गेल्याने आणि आणखी दोघे खेळण्यास असमर्थ झाल्याने न्यूरेंबर्गकडे जादा वेळेत केवळ ७ खेळाडू उरले, आणि पंच पेको बाउवेन्स यांनी १-१ अशा बरोबरीत खेळ थांबवला. महासंघाने हॅम्बुर्गला विजेते घोषित केले; परंतु न्यूरेंबर्गने हरकत घेतली आणि अखेर हॅम्बुर्गनेच विजेतेपदावरील हक्क सोडला. माझ्या मते, मैदानावर न हरलेल्या न्यूरेंबर्गच्या त्या ७ जणांचा मान त्यामुळे राखला गेला.