१९३६च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये जर्मनीकडून खरंच ज्यू तलवारबाज खेळली होती का?

हो, हेलेने मायर. फॉइल (हलक्या तलवारीच्या) प्रकारात तिने रौप्यपदक मिळवलं. १९२८ला अ‍ॅमस्टरडॅममध्ये ती सुवर्णपदक जिंकली तेव्हा अवघी सतरा वर्षांची होती. १९३३मध्ये जर्मनीतल्या ऑफेनबाख शहरातल्या तिच्याच तलवारबाजी क्लबने तिचं नाव काढून टाकलं. तेव्हा ती शिकायला कॅलिफोर्नियात होती. मग बर्लिनला बोलावलं कसं? ज्यू खेळाडूंना वगळलं म्हणून अमेरिका बहिष्कार टाकेल, ही नाझींना धास्ती होती. थोडक्यात, दाखवायला एक नाव हवं होतं. पदक घेतानाचा फोटो जरूर बघा: पांढऱ्या पोशाखातली उंच हेलेने उजवा हात ताठ करून नाझी सलाम ठोकतेय, आणि तिच्यापेक्षा वरच्या पायरीवर हंगेरीची इलोना एलेक, जिचे वडीलही ज्यू! त्या सलामाचं खरं कारण काय, यावर आजही वाद आहे. पुढच्याच वर्षी पॅरिसला हेलेने जगज्जेती झाली, नंतर अमेरिकेतच राहिली, शेवटी जर्मनीला परतली आणि १९५३मध्ये कर्करोगाने गेली.

फक्त ‘ज्यू’ हा शब्द जरा जपून वापरा. तिचे वडील ज्यू, आई ख्रिश्चन; ती स्वतःला ज्यू मानत नव्हती. नाझी कायद्यानेही तिला ज्यू नव्हे, तर ‘मिश्रवंशीय’ (अर्धी ज्यू) ठरवलं होतं.