विचारा तर खरं: होमरचे फासे आणि आत्याची ज्ञानेश्वरी

प्रश्न: आमच्या आत्या काहीही ठरवायचं असलं की डोळे मिटून ज्ञानेश्वरी उघडतात, बोट ठेवतात आणि येईल ती ओवी म्हणजे माऊलींचं उत्तर. परवा कोथरूडच्या फ्लॅटचं टोकन द्यायला निघालो तर ओवी वैराग्याची निघाली, झालं, टोकन राहिलं. मुलगा म्हणतो, जगात कुणी असलं करत नाही. खरंय का?
— एक वैतागलेला भाचा, नारायण पेठ, पुणे

उत्तर: चिरंजीवांना सांगा, भलेभले करत होते! ग्रीकांकडे त्यांचा महाकवी होमर, रोमनांकडे त्यांचा महाकवी व्हर्जिल. इजिप्तमधे सापडलेला तिसऱ्या-चौथ्या शतकाच्या आसपासचा एक पपायरस (लव्हाळ्यापासून केलेला कागद) लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे, त्यात होमरच्या 216 ओळींची यादीच आहे. 216 का, तर फासा तीनदा टाकायचा, सहा गुणिले सहा गुणिले सहा, आणि जे आकडे पडतील त्यांच्यापुढची ओळ हे तुमचं उत्तर. तीनदा एक्का पडला तर होमरच्या ओडिसी या महाकाव्यातली ओळ येते, अर्थ साधारण असा की मेल्या पोटापायी लोकांच्या नशिबी हाल येतात. आता फ्लॅट घ्यायचा का या प्रश्नाला हे उत्तर आलं तर काय करणार, सांगा!

फासे कशाला, सरळ उघडायचं ना, असं वाटेल. पण तेव्हाचं पुस्तक म्हणजे लांबलचक गुंडाळी, ती मधेच कुठेतरी उघडणं म्हणजे कटकटच. मला वाटतं पानांची पुस्तकं आल्यावर आत्यांची पद्धत सोपी झाली असणार.

रोमन सम्राट हेड्रियनबद्दल सांगतात की तेव्हाचा सम्राट ट्राजन याची आपल्यावर मर्जी आहे का या काळजीत त्याने व्हर्जिलचा कौल घेतला, तर ऑलिव्हची फांदी घेतलेल्या पिकल्या दाढीच्या रोमन राजाच्या ओळी आल्या, आणि पुढे हा सम्राट झालाच. (ज्या चरित्रात हे आहे ते थापांसाठी प्रसिद्ध आहे, तेव्हा जपून.) आपल्याकडे तर हुमायून आणि जहांगीर फारसी कवी हाफिजचा दिवाण, म्हणजे काव्यसंग्रह, उघडून शकुन बघायचे, ती पोथी पाटण्याच्या खुदाबक्ष लायब्ररीत आहे, समासात दोघांच्या हातच्या नोंदींसकट.

रामचरितमानसातली रामशलाका बघितली असेल, 15 बाय 15 ची 225 घरं, बोट ठेवायचं आणि तिथून दर नववं अक्षर घेत गेलं की चौपाई तयार. तिथे उत्तरं नऊच, कुणीतरी आधीच निवडून ठेवलेली, होमरच्या यादीतल्या ओळीही अशाच आधी निवडलेल्या. आत्यांकडे मात्र अख्खी ज्ञानेश्वरी, नऊ हजार ओव्या, त्यामुळे कुठल्या ओवीचा अर्थ काय लावायचा हे सगळं आत्यांच्याच हातात. पुढच्या वेळी जवळ बसा आणि बघा, नावडती ओवी आली की त्या दुसऱ्यांदा उघडतात का.