गाईड ड्राफ्ट वाचत नाहीत, दर वेळी नवीनच सांगतात, पीएचडीचं तिसरं वर्ष संपत आलंय. काय करू?

तुम्ही लिहिलंय की दोन-दोन महिने चॅप्टर गाईडकडे पडून असतो, वाचलाच तर आधी जे करायला सांगितलं होतं त्याच्या बरोब्बर उलटं सांगतात, रात्री झोप लागत नाही आणि आता गाईड बदलू, सोडून देऊ की तसंच रेटू हे कळत नाहीये. मी यातून गेलेय. माझी पीएचडी व्हायला सात वर्षं लागली आणि त्यातलं दीड वर्ष तरी नुसतं सरांचा मूड सांभाळण्यात गेलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी झोपेचं. हे 'माझ्यातच काहीतरी कमी आहे' असं वाटतंय ना, ते डोक्यातून काढा. २०१८ साली नेचर बायोटेक्नॉलॉजीमध्ये एक पाहणी छापून आली होती, २६ देशांतले २,२७९ विद्यार्थी, बहुतेक पीएचडीचेच, त्यात ३९ टक्क्यांमध्ये मध्यम ते तीव्र डिप्रेशनची लक्षणं दिसली. ऑनलाइन पाहणी होती, ज्यांना त्रास होतोय त्यांनी जास्त भरली असेल असं धरलं तरी आकडा लहान नाही. त्याच्या आदल्या वर्षी बेल्जियममधल्या फ्लँडर्सच्या ३,६५९ पीएचडी करणाऱ्यांचा अभ्यास आला, त्यात ३२ टक्के जणांना मानसिक आजाराचा धोका होता, आणि तो कशाशी जोडलेला निघाला तर कामाचा बोजा, स्वतःच्या कामावर स्वतःचा ताबा किती, आणि गाईडची काम करवून घेण्याची पद्धत. म्हणजे तुम्हाला जे होतंय त्याचा मोठा भाग तुमच्या हुशारीशी संबंधितच नाही. झोप दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त बिघडली असेल तर डॉक्टरकडे किंवा समुपदेशकाकडे जा, थिसिस झाल्यावर बघू म्हणू नका, मी तेच म्हणत बसले आणि एक अख्खं वर्ष घालवलं.

आता गाईडचं. तुमच्या प्रश्नावरून मला नक्की कळत नाहीये की तुमचे गाईड कोणत्या प्रकारातले आहेत, आणि सगळं त्यावरच अवलंबून आहे. काही जण नुसते कामात बुडालेले असतात, मनात वाईट काही नसतं. काही जणांना तुमच्या विषयातलं पुढचं फारसं माहीत नसतं, ते कबूल करायची लाज वाटते म्हणून दर भेटीत दिशा बदलतात. आणि काही जण खरोखर त्रास देणारे असतात, चारचौघांत अपमान करणं, पेपरवरून नाव काढायची धमकी, घरची कामं सांगणं. पहिल्या दोन प्रकारांवर उपाय आहे. तिसऱ्यावर उपाय शोधत बसायचं नाही, बाहेर पडायचं, त्यावर खाली लिहितेच.

माझे सर पहिल्या प्रकारातले होते, पण मला ते कळायला वेळ लागला. माझा विषय मातीतल्या बुरशीचा. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी सर म्हणाले नमुने कमी पडतायत, अजून ४० घे. मी घेतले. माती आणायची, चाळायची, डीएनए काढायचा, नळ्यांवर तारखा घालून उणे ८० च्या फ्रीझरमध्ये ठेवायच्या, चार महिने दुसरं काही केलं नाही. नवीन टेबल घेऊन गेले तर सरांनी चष्मा कपाळावर सरकवला, पान दोनदा उलटसुलट केलं आणि विचारलं, "हे एवढे कशाला घेतलेस? तुला कोणी सांगितलं?" माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. खाली लॅबमध्ये आले, फ्रीझर उघडला आणि माझ्याच अक्षरातल्या त्या तारखा बघत इतका वेळ उभी राहिले की फ्रीझरचा अलार्म वाजायला लागला.

रात्रभर मला वाटत होतं की माणूस खोटं बोलतोय. पण खोटं बोलत नव्हते, ते खरंच विसरले होते. त्यांच्याकडे तेव्हा सात विद्यार्थी होते, वर लेक्चर्स, वर प्रोजेक्टचे हिशोब, माझ्यासाठी जे अख्खं आयुष्य होतं ते त्यांच्यासाठी आठवड्यातली वीस मिनिटं होती. हे समजल्यावर राग गेला असं नाही, पण काय करायचं ते कळलं. त्यांच्या आठवणीवर माझी पीएचडी टांगून ठेवायची नाही, बस.

त्यानंतर प्रत्येक भेट झाली की त्याच दिवशी मेल. पहिला मेल लिहायला मला दीड तास लागला, ओळी होत्या पाच. "सर, आजच्या बोलण्यातून मला समजलं ते असं: तिसऱ्या चॅप्टरमधला जुना डेटा ठेवायचा, नवीन ४० नमुने परिशिष्टात घ्यायचे, तक्ता पुन्हा नव्याने करायचा नाही. माझ्या समजण्यात काही चूक असेल तर सांगा, नाहीतर मी याप्रमाणे पुढे जाते." उत्तर आलं, "ओके." दोन अक्षरं. पण पुढच्या भेटीत सर परत तक्त्यावर आले तेव्हा मी शांतपणे तो मेल उघडून समोर ठेवला, वाद घातला नाही, आणि सर म्हणाले अरे हो, मग राहू दे. नंतर नंतर तर तेच विचारायला लागले की मागच्या वेळी काय ठरलं होतं, मेल काढ बघू.

ड्राफ्ट न वाचण्यावरही यातूनच मार्ग निघाला. मी ६० पानांचा चॅप्टर पाठवायची आणि वाट बघायची. ६० पानं बघून कोणीही म्हणतं रविवारी निवांत वाचू, आणि तो रविवार येतच नाही. मग मी आठ-दहा पानं पाठवायला लागले आणि मेलमध्ये लिहायचे की पान ४ वरचा युक्तिवाद पटतो का आणि पान ७ वरची आकृती ठेवू का, एवढंच बघा. आठवड्यात उत्तर यायला लागलं. सगळ्यांच्या बाबतीत येईलच असं नाही, पण करून बघायला काही जात नाही.

दुसरं म्हणजे वाचणारा एकटा गाईडच नको. कमिटीतलं कोणी, को-गाईड, लॅबमधला पोस्टडॉक (पीएचडी झाल्यावर तिथे संशोधन करणारा), नुकताच थिसिस दिलेला सीनियर, कोणीही एकजण पकडा. गाईडना सांगूनच करा, पाठीमागून कळलं की ते दुखावतात. शेजारच्या लॅबमधल्या एका मॅडमनी माझा दुसरा चॅप्टर वाचून सांगितलं की यात दोन पेपर आहेत, तू एकात कोंबलेस. हे मला दोन वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं!

आता तिसरा प्रकार, किंवा हे सगळं सहा महिने करूनही काहीच हललं नाही तर. गाईड बदलता येतो. लोक बदलतात, त्याने करिअर संपत नाही. पण क्रम महत्त्वाचा आहे. आधी तुमच्या विद्यापीठाचे नियम स्वतः वाचा, ऐकीव माहितीवर जाऊ नका. मग विभागातल्या पीएचडी बघणाऱ्या व्यक्तीशी खासगीत बोला, तक्रार म्हणून नाही, माहिती विचारायची म्हणून. मग नवीन गाईड तोंडी तयार करा, आणि त्यानंतरच जुन्यांना सांगा, आणि सांगताना विषय, पद्धत, दिशा एवढंच बोला, त्यांच्या स्वभावावर एक अक्षर नको, कारण पुढे रेकमेंडेशनला परत त्यांचंच नाव निघतं. तीन गोष्टी आधी विचारून ठेवा: डेटा बरोबर नेता येतो का, फेलोशिप गाईडच्या प्रोजेक्टवर आहे की तुमच्या नावावर, आणि मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजतात का. तिसऱ्या वर्षी हे तीन प्रश्नच सगळं ठरवतात.

छळ होत असेल तर मात्र थांबू नका. तारीख, वेळ, काय बोलले, कोण हजर होतं, हे त्याच रात्री लिहा आणि विद्यापीठाच्या मेलवर नको, स्वतःच्याकडे ठेवा. पेपरवर कोणाकोणाची नावं येणार हे काम सुरू व्हायच्या आधीच बोलून घ्या. वैद्यकीय जर्नल संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या नियमात लेखक म्हणवून घ्यायला चार अटी आहेत आणि चारही पूर्ण व्हाव्या लागतात: कामात ठोस वाटा, लिहिण्यात किंवा गंभीरपणे तपासण्यात सहभाग, शेवटच्या मसुद्याला मान्यता, आणि कामाची जबाबदारी. नुसतं लॅबप्रमुख असणं त्यात बसत नाही. इतर शाखांतही हे दाखवून बोलता येतं.

पेपर रिजेक्ट होणं, एकटेपणा, बरोबरचे पुढे गेले, यावर फार लिहीत नाही, ते सगळ्यांनाच होतं. फक्त एक, रोज सकाळी मेल उघडायच्या आधी ४५ मिनिटं लिहा, वाईट लिहा पण लिहा, माझे शेवटचे दोन चॅप्टर असेच झाले.

सोडण्याबद्दल. सोडणं हा गुन्हा नाही, माझ्या बरोबरच्या दोघांनी सोडली आणि दोघांचं उत्तम चाललंय. पण रिजेक्शन आलेल्या किंवा ओरडा खाल्लेल्या आठवड्यात ठरवू नका. काम बरं झालंय अशा आठवड्यात स्वतःला विचारा की गाईड चांगला असता तर मला हे करायचं असतं का. 'हो' आलं तर अडचण गाईडची आहे, पीएचडीची नाही. 'नाही' आलं तर तेही मोकळेपणाने मान्य करा.

सध्या मात्र गाईड बदलायचं बाजूला ठेवा आणि तो जो दोन महिने पडलेला चॅप्टर आहे त्यासाठी एक मेल टाका. साधारण असा: "सर, अमुक तारखेला पाठवलेल्या चॅप्टरमधली पहिली आठ पानं सोबत जोडली आहेत. मला दोनच गोष्टींवर तुमचं मत हवंय, त्या पिवळ्या केल्या आहेत. यावर बोलायला पुढच्या आठवड्यात वीस मिनिटं मिळतील का? बुधवार किंवा गुरुवार, तुम्हाला सोयीचं असेल तेव्हा येते." माफी मागायची नाही, दोन महिन्यांचा उल्लेखही नको. आणि शुक्रवारी संध्याकाळी पाठवू नका, खाली जातो. मंगळवारी सकाळी पाठवा.